एका मेसेजने फोन बंद पडतो तो कसा? व्हायरल खोड्या आणि त्यामागचं खरं कारण

'हा मेसेज उघडू नका, फोन कायमचा बंद पडेल!' असा फॉरवर्ड कधी ना कधी प्रत्येकाच्या ग्रुपवर येऊन गेलेला असतो. बहुतेक वेळा ती नुसती अफवा असते. पण काही वेळा असे मेसेज खरे ठरले आहेत. आणि त्यातल्या दोन घटनांमध्ये आपली देवनागरी आणि शेजारची तेलुगू लिपी थेट गुंतलेली होती.

अक्षरं फोनला जड का जातात?

इंग्रजी अक्षरं एकापुढे एक मांडली की काम होतं. भारतीय लिप्यांमध्ये जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या एकत्र बसवून एक आकार तयार करावा लागतो. हे काम फोनमधला एक प्रोग्राम करतो. त्याला अनपेक्षित जोडणी दिली की तो गोंधळतो आणि ज्या अॅपमध्ये मजकूर दिसतोय ते अॅप, कधीकधी अख्खा फोन, कोलमडतो.

मे २०१५ मध्ये आयफोनवर नेमकं हेच झालं. अरबी, देवनागरी आणि चिनी चिन्हांची एक विचित्र ओळ मेसेजमधून आली की नोटिफिकेशन दाखवतानाच फोन रीस्टार्ट व्हायचा. मित्रांची गंमत म्हणून ती ओळ जगभर फिरली. त्यावर अॅपलने सुचवलेला तात्पुरता उपाय असा होता: न वाचलेले मेसेज सिरीकडून वाचून घ्या आणि तिच्याकरवीच उत्तर पाठवा.

फेब्रुवारी २०१८ मध्ये पाळी तेलुगूची आली. 'ज्ञान' या शब्दातल्या 'ज्ञा'चं तेलुगू रूप आलं की आयओएस ११.२.५ वर अनेक अॅप्स बंद पडत होती. काहींनी ते अक्षर ट्विटरवरच्या आपल्या नावातच घातलं. १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ आणून अॅपलने ही चूक सुधारली.

१९७० ची तारीख

फेब्रुवारी २०१६ मधली खोडी जास्त महागात पडली. 'तारीख १ जानेवारी १९७० करा, फोन सुरू होताना जुना मॅकिंटॉश लोगो दिसेल' असं सांगणारं चित्र फिरलं. ज्यांनी ते केलं त्यातल्या अनेकांचे आयफोन रीस्टार्टनंतर सुरूच होईनात.

बऱ्याच यंत्रणा वेळ मोजताना ग्रीनिच वेळेनुसार १ जानेवारी १९७० ला शून्य धरून पुढचे सेकंद मोजतात. भारतात त्या तारखेला रात्रीचे बारा वाजले तेव्हा ग्रीनिचला आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. म्हणजे आकडा शून्याच्याही खाली जातो. अशा आकड्यामुळे यंत्रणा अडकली असावी, असा तंत्रज्ञांचा तेव्हाचा अंदाज होता. ही अडचण मार्च २०१६ मध्ये आलेल्या आयओएस ९.३ ने दूर केली.

अँड्रॉइडही सुटला नाही

मे २०२० मध्ये तळ्याकाठच्या संध्याकाळचा एक सुंदर फोटो वॉलपेपर म्हणून ठेवला की अँड्रॉइड १० वरचे काही फोन सतत बंद-चालू होत राहायचे. फोटोची रंगांची माहिती ज्या पद्धतीने साठवली होती, ती त्या फोनना हाताळता येत नव्हती. फोटोत व्हायरस नव्हता आणि काढणाऱ्याचा तसा हेतूही नव्हता. 'हा वापरू नका' अशी सूचना फिरली, आणि ती वाचूनच अनेकांनी तो मुद्दाम वापरून पाहिला.

मग दोष कोणाचा?

मूळ चूक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, हे खरंच. पण जगातल्या सगळ्या लिप्या, तारखा आणि रंगांच्या सगळ्या जोडण्या आधीच तपासणं मोठ्या कंपन्यांनाही जमत नाही. चूक कळल्यापासून अपडेट येईपर्यंतचे काही दिवस किंवा आठवडे खोडकरांचे असतात. आणि किंमत मोजतो तो सामान्य वापरकर्ता: फोटो, नंबर, कामाचे मेसेज सगळं अडकून बसतं.

काय करावं?

• फोनचं अपडेट टाळू नका. वरच्या चुका अपडेटनेच सुटल्या.
• फोटो आणि नंबर यांचा बॅकअप नियमित घ्या.
• 'करून बघा' म्हणणारी कोणतीही सेटिंग रोजच्या वापरातल्या फोनवर करून पाहू नका.
• असा मेसेज 'सावध राहा' म्हणूनही पुढे पाठवू नका. इशाऱ्यासोबत तीच घातक ओळ पोहोचते. सांगायचंच असेल तर आपल्या शब्दांत सांगा.




समोरच्याचा फोन बंद पडला तर हसू येतं. पण त्याच फोनवर कोणाचा दवाखान्यातून फोन येणार आहे, हे खोडी काढणाऱ्याला माहीत नसतं.