डिजिटल संपूर्ण कवळी

डिजिटल संपूर्ण कवळी म्हणजे संगणकाच्या साहाय्याने आराखडा करून यंत्राद्वारे घडवलेली संपूर्ण दंतपंक्ती होय. वरच्या, खालच्या किंवा दोन्ही जबड्यांतील सर्व दात गेलेल्या व्यक्तीसाठी ती तयार करतात. दंतशास्त्राच्या 'कृत्रिम दंतरोपण व दंतपूर्ती' या शाखेत तिचा अभ्यास होतो.

== पार्श्वभूमी ==
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कवळीची बैठक कडक रबरापासून करीत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक (पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट) वापरात आले आणि रबर मागे पडले. प्रचलित पद्धतीत हिरड्यांचे माप, प्लास्टरचा साचा, मेणावर दातांची मांडणी, तोंडात चाचणी आणि शेवटी ॲक्रिलिक शिजवणे असे टप्पे असतात. त्यासाठी रुग्णाला साधारण पाच वेळा यावे लागते. शिजताना ॲक्रिलिक आकुंचन पावते, त्यामुळे कवळी टाळूवर नीट न बसण्याचा संभव असतो.

दातांच्या एकेका टोपीसाठी संगणकीय यंत्रांचा वापर १९८० च्या दशकात सुरू झाला. संपूर्ण कवळी संगणकाच्या मदतीने करण्याचा प्रयोग जपानमधील संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. व्यावसायिक स्वरूपात ही पद्धत २०१० नंतर रूढ होऊ लागली.

== कार्यपद्धती ==
* '''माप घेणे''' : हिरड्या व टाळू तोंडातील स्कॅनरने टिपतात, किंवा नेहमीसारखे माप घेऊन त्याचे स्कॅनिंग करतात. गाल, ओठ व जीभ हलताना हिरड्यांच्या कडा जागा बदलतात आणि लाळेने पृष्ठभाग चकाकतो. म्हणून पुष्कळदा दुसरा मार्ग पत्करला जातो.
* '''जबड्यांचा संबंध''' : दोन्ही जबड्यांमधील उंची व मिटण्याची योग्य स्थिती दंतवैद्य ठरवतो. हे काम यंत्र करू शकत नाही.
* '''आराखडा''' : संगणकावर दातांची मांडणी व बैठकीचा आकार निश्चित होतो.
* '''चाचणी''' : नमुना-कवळी तोंडात बसवून दिसणे, चावणे व उच्चार तपासतात. 'व' उच्चारताना खालचा ओठ वरच्या पुढच्या दातांच्या कडेजवळ येतो, तर 'स' उच्चारताना वरचे व खालचे दात जवळ येतात. म्हणून हे वर्ण दातांची लांबी व उंची जोखण्यास उपयोगी पडतात.
* '''निर्मिती''' : बैठक ॲक्रिलिकच्या तयार चकतीतून कोरून काढतात किंवा प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून थरांवर थर रचून छापतात.

== गुण व मर्यादा ==
चकती आधीच उच्च दाब व उष्णतेखाली घट्ट केलेली असते. तिचे आकुंचन कोरण्यापूर्वीच झालेले असल्याने बैठक अधिक अचूक बसते. छापलेली कवळी साहित्याची बचत करते, परंतु मजबुतीत सामान्यतः कोरलेल्या कवळीपेक्षा कमी ठरते. रुग्णाच्या फेऱ्या घटतात. आराखडा जतन राहत असल्याने कवळी हरवल्यास किंवा मोडल्यास नवे माप न घेताही तशीच दुसरी करता येते. मात्र दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजत राहते, म्हणून जुना आराखडा कायम उपयोगी पडेलच असे नाही. यंत्रसामग्रीचा खर्च ही मोठी अडचण आहे.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==
सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटक सीमेलगतच्या दुधनीसारख्या छोट्या शहरांतील वृद्धांसाठी फेऱ्यांची संख्या ही लहान बाब नाही. उपचारासाठी मोठ्या शहरी जायचे, तर प्रवासखर्चाबरोबर सोबत येणाऱ्याचा रोजगारही बुडतो. आराखडा इंटरनेटवरून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. माप आणि चाचणी यांसाठी मात्र रुग्ण व दंतवैद्य समोरासमोर असावेच लागतात. दंतवैद्य व दंतयंत्रज्ञ यांच्या नोंदणीची तरतूद दंतवैद्य अधिनियम, १९४८ मध्ये करण्यात आली होती. केंद्र शासनाच्या २०१७ मधील राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांना द्यावयाच्या साधनांत कृत्रिम दंतपंक्तीचा समावेश आहे.

== निगा ==
कवळी कोणत्याही पद्धतीची असली, तरी ती रोज मऊ ब्रशने घासावी, रात्री काढून पाण्यात ठेवावी आणि उकळत्या पाण्यापासून दूर राखावी. हिरड्यांवर जखम वा पांढरा चट्टा आढळल्यास दंतवैद्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.