गोकोवा आखात

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एजियन समुद्राचे आखात. मूला प्रांतात मोडते. लांबी सुमारे १०० किमी.; उत्तरेस बोद्रुमचे व दक्षिणेस दात्चाचे द्वीपकल्प असून मुखाशी ग्रीसचे कोस बेट आहे. शिडाच्या नावेतून रमतगमत फिरण्यासाठी हे आखात प्रसिद्ध आहे.

उत्तर किनारा उंच, सरळ डोंगरकड्यांचा. तेथे चोकेर्त्मे, आकब्युक असे मोजकेच आसरे सापडतात. खरी गंमत दक्षिणेला. येदी आदालार, ल्योंग्योझ, देइर्मेन ब्युक्यू अशा खाड्या एकीला लागून एक आहेत आणि तांबड्या पाइनचे रान थेट पाण्यापर्यंत उतरले आहे. देइर्मेन ब्युक्यूच्या एका कोपऱ्याला ‘इंग्रजांचे बंदर’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौका येथे दडत, असे सांगितले जाते.

आखाताचे वेळापत्रक वारा ठरवतो. उन्हाळ्यात ‘मेल्तेम’ वारा सकाळ उलटल्यावर पश्चिमेकडून सुटतो, दुपारी जोर धरतो आणि सहसा सूर्यास्ताला पडतो. आत येताना तो पाठीशी असतो. बाहेर पडताना मात्र नाकासमोर. त्यामुळे जाणते नावाडी परतीला पहाटेच निघतात आणि दुपार एखाद्या खाडीत काढतात. तळ झपाट्याने खोल होत असल्याने नुसत्या नांगरावर भागत नाही. खोल पाण्यात नांगर सोडायचा, नाव मागे रेटत किनाऱ्याकडे न्यायची आणि एकाने दोराचे टोक घेऊन पोहत जाऊन ते खडकाला बांधायचे. पूर्वी सर्रास पाइनच्या बुंध्यालाच बांधत. साल सोलवटून झाडे खचतात, म्हणून काही खाड्यांत आता लोखंडी खुंट बसवले आहेत.

या भटकंतीला ‘निळी सफर’ म्हणतात. लेखक जेवात शाकिर काबाआचली (१८९०–१९७३) यांना १९२५ मध्ये एका लेखाबद्दल बोद्रुमला हद्दपार करण्यात आले. शिक्षा संपल्यावरही ते तेथेच रमले आणि लेखक-कलावंत मित्रांना घेऊन साध्या मासेमारी नावांतून हिंडू लागले. आजच्या सफरींत वातानुकूलित ‘गुलेत’ नावा दिसतात. त्यांची शिडे बहुधा छायाचित्रापुरतीच उभारली जातात. प्रवास इंजिनावर होतो.

सेदिर बेटावर प्राचीन केद्राय नगराचे अवशेष व लहानसे प्रेक्षागृह आहे. इ. स. पू. ४०५ मध्ये स्पार्टाच्या लायसँडरने हे नगर जिंकून रहिवाशांना गुलाम केले. तेथील पांढरी वाळू क्लिओपात्रासाठी इजिप्तहून आणल्याची आख्यायिका लोकप्रिय आहे. वास्तविक हे चुनखडीचे गोलसर कण असून ते उचलून नेण्यास बंदी आहे.

काठच्या ओलसर भागांत सिला वृक्ष आढळतो. आयुर्वेदातील शिलारस तो याच झाडाचा डिंक. पाइनवरील एका कीटकाच्या गोड स्रावापासून मधमाश्या गडद मध करतात. मूला प्रांत त्यासाठी नावाजलेला आहे. २०२१ च्या वणव्यांत उत्तर किनाऱ्यावरील ज्वाला ओरेनजवळच्या औष्णिक वीजकेंद्रापर्यंत पोहोचल्या आणि मधपाळांचेही मोठे नुकसान झाले.

आखाताच्या टोकाशी आक्याका गाव आहे. येथील स्वतःच्या लाकडी घरासाठी नाइल चाकिरहान यांना १९८३ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला, आणि पुढे गावातील घरे त्याच धाटणीची झाली. नौकाविहारास मे-जून व सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सोयीचे. ऑगस्टमध्ये लोकप्रिय खाड्यांत दुपारनंतर जागा मिळणे कठीण असते.