दहा बोटांचा फोन

काचेच्या पडद्याने मोबाइलवरच्या पूर्ण कीबोर्डला हरवले, असे सरसकट सांगितले जाते. दोघे एकाच शर्यतीत होते, असे त्यात गृहीत धरलेले असते. इतिहास तपासला तर तसे दिसत नाही. मिटून खिशात ठेवायचा आणि उघडून दोन्ही हातांनी लिहायचा घडीचा फोन लिहिणाऱ्यांसाठी घडवला गेला होता. पुढे ज्या फोनाने जग व्यापले तो मुख्यतः पाहणाऱ्यांचा, ऐकणाऱ्यांचा आणि बोटाने सरकवत वाचणाऱ्यांचा. लोकांनी फोनाकडून मागितलेले कामच बदलले. जुने साधन त्याच्या मूळ कामात कमी पडले होते, असा निष्कर्ष मात्र त्यातून काढता येत नाही.

घडीच्या फोनाचे मूळ खिशातल्या संगणकात आहे. १९८३ साली आलेला टँडी कंपनीचा मॉडेल १०० बातमीदारांनी उचलून धरला, कारण त्यावर मजकूर टंकायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून थेट कचेरीत पाठवायचा, अशी सोय हाताशी आली होती. पण तो खिशात मावणारा नव्हता. १९९१ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा ९५एलएक्स आणि लंडनच्या सायऑन कंपनीचा सीरीज ३ हे चष्म्याच्या डबीसारखे उघडणारे संगणक आले. त्यांच्या कळा मात्र बारीक बटणांसारख्या होत्या. खरी झेप १९९७च्या सायऑन सीरीज ५ने घेतली. मार्टिन रिडिफर्ड या अभिकल्पकाने त्याची बिजागरी अशी बसवली की झाकण उघडताना कळफलक आपोआप पुढे सरके आणि पडदा त्याच्या मागे तिरका टेकून राही. त्यामुळे पडद्याला बोट लावले तरी यंत्र मागे कलंडत नसे. जेमतेम १७ सेंटिमीटर रुंदीत, दोन पेन्सिल सेलांवर चालणाऱ्या त्या यंत्रात प्रत्येक कळ स्वतंत्रपणे खाली जाई आणि वर येई. दाबलेली कळ बोटाला कळणे ही टंकनातली मूलभूत गोष्ट आहे, कारण त्यामुळेच नजर कळांवरून उठून मजकुरावर राहू शकते. रिडिफर्डने एवढ्याशा जागेत ते साधले, आणि त्या दशकातल्या यंत्ररचनेतले हे फार मोठे काम होते, असे मला वाटते.

फोन आणि कीबोर्ड यांची गाठ त्याच्या वर्षभर आधीच पडली होती. १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्डने ओम्नीगो ७००एलएक्स काढला. त्यात खिशातल्या संगणकाच्या पाठीवर नोकियाचा २११० हा फोन बसवायची खाच होती. त्याच वर्षी खुद्द नोकियाने दोन्ही यंत्रे एका कवचात घालून ९००० कम्युनिकेटर आणला. वजन ३९७ ग्रॅम. बाहेरून साधा, जाडजूड फोन. आडवा उघडला की आत लांबट पडदा आणि पूर्ण कळफलक. इंटेलचा ३८६ प्रोसेसर, ८ एमबी मेमरी, आणि सेकंदाला ९६०० बिट एवढ्या वेगाचा दुवा. एवढ्या सामग्रीवर तो फॅक्स पाठवी, ई-मेल आणी, वेबची पानेही उघडी. १९९८ मध्ये सायऑन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिम्बियन कंपनी काढली आणि सायऑनची संगणकप्रणाली पुढे नोकियाच्या ९२१०मध्ये गेली. म्हणजे २००१ साली सायऑनने हे संगणक बनवणे थांबवले, तरी त्यामागचा विचार कम्युनिकेटरच्या रूपाने चालू राहिला. त्याचा शेवटचा मोठा अवतार ई९०. तो फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर झाला. त्याच्या महिनाभर आधी ॲपलने आयफोन दाखवला होता.

पुढे घडले त्याची कारणे लिहिण्याच्या सोयीशी फारशी निगडित नाहीत. बिजागरी महाग असते आणि झिजते. सीरीज ५मध्ये पडद्याकडे जाणारी पातळ वायरपट्टी वारंवारच्या उघडझापीने तुटे, हा त्याचा प्रसिद्ध दोष होता. छापील कळा देशागणिक बदलाव्या लागतात, फ्रान्ससाठी एक मांडणी आणि जर्मनीसाठी दुसरी. काचेला हा खर्च नाही. शिवाय ॲपचा सगळा संसार उभ्या पडद्यासाठी रचला गेला. रिडिफर्डच्याच सहभागाने लंडनच्या प्लॅनेट कंप्युटर्सने २०१८ मध्ये जेमिनी आणि पुढच्याच वर्षी, बाहेर छोटा पडदा असलेला, कॉस्मो कम्युनिकेटर आणला, तेव्हा वापरणाऱ्यांना अडचण जाणवली ती इथे. कळफलक उत्तम, पण रोजची कित्येक ॲप आडव्या पडद्यावर अवघडून बसतात आणि फोन उभा धरला की कीबोर्ड निरुपयोगी होतो.

यावर पहिला आक्षेप वेगाचा. काचेवर दोन अंगठ्यांनी लोक झरझर लिहितात, मग कळा कशाला? फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन मोठ्या पाहण्यांत सहभाग घेतला. संगणकाच्या कीबोर्डवर टंकणाऱ्या १,६८,००० लोकांचा सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द भरला आणि मोबाइलवर टंकणाऱ्या ३७,००० लोकांचा सुमारे ३६. तरुण मुलांचा मोबाइलवरचा वेग सरासरीहून बराच जास्त होता, त्यामुळे ही दरी मिटत चालली आहे, हे मान्य करायला हवे. खिशातला कीबोर्ड टेबलावरच्या कीबोर्डाएवढा मोठा नसतो, हेही खरे. पण दोन ओळींच्या निरोपाला वेगाची मोजणी पुरते, दोन पानांच्या मजकुराला पुरत नाही. काचेचा कीबोर्ड पडद्याचा मोठा भाग खातो, मागची चार वाक्ये दिसेनाशी होतात, आणि लिहिणारा स्वतःच्याच मजकुराचा संदर्भ गमावतो. घडीच्या फोनात सगळा पडदा मजकुराला मोकळा राहतो.

दुसरा आक्षेप मराठी माणसाने घ्यायलाच हवा असा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. काचेच्या पडद्यामुळेच आपली लिपी सामान्य माणसाच्या हातात आली. त्याआधी साध्या फोनांवर मराठी निरोप बहुधा रोमन लिपीत जात. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावत, देवनागरी मात्र ७०च, म्हणजे आपल्या लिपीत लिहिणे महागही पडे. काचेवर बोट फिरवले की कळफलक देवनागरी होतो. छापील कळांना हे जमत नाही. हा उपकार नाकारण्यात अर्थ नाही.

पण दोष कळांच्या अंगचा होता का, हे तपासले पाहिजे. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची सामाईक मांडणी १९८६ पासून आहे आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. आणि ती नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डावरच बसते. विंडोज २०००पासून ती संगणकात उपलब्ध आहे. ही मांडणी दोन्ही हात आळीपाळीने चालतील अशी बेतलेली आहे, तेव्हा तिचे गुण दहा बोटांनीच उमटतात. अंगठ्यांना तिचा उपयोग थोडा. आणि अशी बोटे महाराष्ट्रात कमी नव्हती. गोदरेजचे मराठी टंकयंत्र कचेऱ्याकचेऱ्यांत होते, गावोगावच्या टंकलेखन संस्थांत मुलेमुली न बघता टंकायला शिकत, आणि लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीसाठी आजही मराठीत मिनिटाला ३० शब्दांची अट आहे. कम्युनिकेटरची कल्पना मात्र मुख्यतः युरोपातल्या व्यावसायिकासाठी झाली होती: विमानतळावर फॅक्स पाठवणारा, इंग्रजी किंवा जर्मनमध्ये ई-मेल लिहिणारा, आणि मोठी किंमत मोजणारा. निकालपत्रे, पंचनामे, ग्रामसभेची इतिवृत्ते टंकणारा हात कोणत्याही घडीच्या फोनाच्या आराखड्यात गिऱ्हाईक म्हणून धरला गेल्याचे दिसत नाही. कळांवर देवनागरी उमटवायची तयारी मांडणीच्या बाजूने पुरेशी होती. ज्या हाताला ती हवी होती त्याच्यापर्यंत घडीचा फोन ना किमतीने पोचला, ना लिपीने.