ओव्हनखालचा खण आणि चुलीचा वैल

नव्या स्वयंपाकघरांत ओव्हनच्या खाली एक खण बसवून घेता येतो. स्वयंपाक ओव्हनमध्ये किंवा गॅसवर होतो आणि तो पंगत बसेपर्यंत या खणात गरम राहतो. ताटे ऊन करून ठेवता येतात, थंडीत मळलेले पीठ फुगायला ठेवता येते. आतली ऊब साधारण ३० ते ८० अंश सेल्सिअस. ही परदेशी सोय समजली जाते. मला मात्र या खणात आपला वैल दिसतो, आणि वैलाचे कुळ शोधायला गेलो तर वाट थेट तमिळ मुलखात उतरते.

ज्यांनी मातीची चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुलीच्या अंगालाच आणखी एक लहान चूल घातलेली असते, तो वैल. काही घरांत त्याला औल म्हणतात. त्याला स्वतःचे जळण नसते. दोघांच्या मधल्या भिंतीत भोक ठेवलेले असते आणि मुख्य चुलीचा जाळ, धूर आणि धग त्यातून वैलाकडे ओढली जाते. चुलीवर भाकरी, वैलावर कालवण. डाळ चुलीवर उकळली की तिला वैलावर सरकवायचे. मग ती करपत नाही, गारही होत नाही. डाळ शिजवायची उत्तम रीत कोणती असे कोणी विचारले, तर मी वैलाचेच नाव घेईन.

आता शब्दाकडे. मला अडवले ते एका तमिळ शब्दाने. तमिळमध्ये मोठ्या चुलीला जोडलेल्या बाजूच्या चुलीला 'कोडियडुप्पु' म्हणतात. अडुप्पु म्हणजे चूल आणि कोडि म्हणजे वेल! मुख्य चुलीपासून फुटून बाजूला गेलेली, तिच्याच जिवावर जगणारी ती वेलचूल. वैल आणि वेल यांच्यात एका मात्रेचे अंतर. हा निव्वळ योगायोग असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

पण वैल हा वेलापासून आला, या मताला तगडा प्रतिस्पर्धी आहे. कन्नडमध्ये चुलीला 'ओले' म्हणतात, तमिळमध्ये भट्टीला आणि चुलीला 'उलै'. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या 'देशीनाममाले'त चुलीच्या अर्थाने 'उल्ली' येतो, म्हणजे संस्कृतातून न आलेल्या देशी शब्दांत. यांतून औल सरळ निघतो. वेलापासून औल कसा काढणार? शिवाय मराठीत वेलाचा एरवी कुठे वैल झालेला नाही, मांडवावर चढतो तो वेलच राहतो. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि मी ते मान्य करतो.

तरीही कोडियडुप्पु सोडवत नाही. माझा तर्क असा: मूळ शब्द दक्षिणेकडचा, ओले-उलै या घराण्यातला. त्यातून औल आला. पुढे बोलणाऱ्यांना चुलीतून बाजूला जाणारा जाळ वेलासारखा वाटला आणि त्या ओढीने औलाचा वैल झाला. लोक शब्दाला ओळखीचे रूप देतात, हे भाषेत नेहमी घडते. वस्तूला वेल म्हणण्याची कल्पना तमिळ घरात सुचते, तर मराठी घरात का सुचू नये? खुद्द 'चूल' ज्या 'चुल्ली'पासून आली, ती मनुस्मृतीत आहे खरी, पण तीही मूळची द्राविड असावी असे मानणारे भाषाविद आहेत. म्हणजे थोरली आणि धाकटी दोघी एकाच माहेरच्या.

वस्तूचा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. युरोपात लोखंडी चुली आल्या, त्यांच्या अंगाला अन्न गरम ठेवायचे कप्पे आले, मग वीज आली. आपल्याकडे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने मगन चूल घडवली. एकाच जाळावर ओळीने भांडी आणि शेवटी धुराडे, म्हणजे वैलच, शिस्तीत बसवलेला. १९५३ साली हैदराबादच्या एस. पी. राजूंनी बिनधुराच्या स्वयंपाकघराची योजना मांडली, तिच्यातही हेच तत्त्व आहे.

वैल आणि ओव्हनखालचा खण यांच्यात फरक एकच आणि तो महत्त्वाचा. वैल फुकटच्या धगीवर चालतो, खणाला वीज लागते. बाकी वापर तोच. डाळ झाकून ठेवावी. भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी, उघडी राहिली तर ती कडक होते. अन्न ६० अंशांच्या वर राहायला हवे, त्याखाली जंतू वाढतात. म्हणून फ्रिजमधले गार अन्न खणात घालू नये, आधी ते गॅसवर उकळून घ्यावे. वैलावरही आपण उकळलेलीच डाळ सरकवत होतो.

एक काम मात्र वाचकांनीच करायचे आहे. या शब्दाची रूपे शोधायला सीमाभाग चांगला: नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. त्या पट्ट्यात मावची, गावित, कोकणी, भिल्ल आणि गुजराती घरे शेजारी नांदतात. तुम्ही तिथले असा वा दुसरीकडचे, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा, चुलीच्या बाजूच्या या लहान चुलीला त्या काय म्हणतात. शब्द जसा उच्चारतील तसाच लिहून ठेवा, शेजारी गावाचे नाव आणि बोली लिहा. मातीच्या चुली मोडण्याच्या आत हे व्हायला हवे.