राखेतले लोह : मॉन्टसेरातच्या ज्वालामुखीने शिकवलेला धडा

१/ १८ जुलै १९९५. कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेरात या चिमुकल्या ब्रिटिश बेटावर सूफ्रिएर हिल्स हा पर्वत जागा झाला. सतराव्या शतकात युरोपीय वसाहतकार तेथे उतरले, तेव्हापासून त्याचा उद्रेक कोणी पाहिला नव्हता. बेटाची वस्ती सुमारे ११ हजार.

२/ २५ जून १९९७ रोजी तप्त वायू, राख आणि दगडधोंडे यांच्या लोटांनी १९ जणांचा बळी घेतला. त्याच वर्षी प्लिमथ ही राजधानी राखेत गाडली गेली. जवळजवळ दोन-तृतीयांश लोक बेट सोडून गेले. उत्तरेकडे जे उरले, त्यांच्या छपरांवर, अंगणांत आणि शाळांच्या आवारांत राख येऊन बसतच राहिली. ती श्वासावाटे आत गेली तर काय होईल, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता.

३/ हा प्रश्न त्याआधीही उपस्थित झाला होता. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्सच्या स्फोटात ५७ माणसे दगावली आणि राख अनेक राज्यांवर पसरली. तेव्हा वैद्यकशास्त्राची नजर मुख्यतः स्फटिकी सिलिकावर होती. खाणकामगार आणि दगडफोडे यांची फुप्फुसे निकामी करणारा सिलिकोसिस त्यामुळेच होतो.

४/ मॉन्टसेरातची राख या कसोटीवर अधिकच चिंताजनक ठरली. तेथील घट्ट लाव्हाचा घुमट मुखाशी साचे, तापत राही आणि मग ढासळे. त्या तापलेल्या घुमटात क्रिस्टोबलाइट हे सिलिकाचे रूप तयार होई. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, घुमट ढासळून उडालेल्या राखेच्या १० मायक्रॉनहून बारीक कणांत त्याचे प्रमाण १० ते २४ टक्के होते.

५/ परंतु सिलिका हा कथेचा अर्धाच भाग होता. उरलेल्या अर्ध्या भागाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील केंब्रिजमध्ये आहे. हेन्री फेंटन या रसायनज्ञाने १८९४ मध्ये सविस्तर दाखवून दिले, की हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत किंचित लोह असले तर टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते.

६/ त्यामागचे कारण पुढे फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी १९३४ मध्ये सुचवले. फेरस लोह पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः फेरिक बनते. या देवघेवीत हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्मतो. तो क्षणभंगुर, पण कमालीचा आक्रमक असतो. समोर येईल त्या मेदावर, प्रथिनावर वा डीएनएवर तो तुटून पडतो.

७/ फुप्फुसात या अभिक्रियेची सारी सिद्धता आधीच असते. आत शिरलेला कण गिळणाऱ्या संरक्षक पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. कणाच्या पृष्ठभागावर फेरस लोह असेल, तर शरीराचे शस्त्र शरीरावरच उलटते. शिवाय शरीरातील क्षपणकारी द्रव्ये फेरिक लोहाला पुन्हा फेरस करतात आणि चक्र चालूच राहते.

८/ २००३ मध्ये ब्रिस्टल आणि तुरिन येथील संशोधकांनी मॉन्टसेरातची राख या दृष्टीने तपासली. विषारी म्हणून ज्ञात असलेल्या क्वार्ट्झपेक्षा ताज्या राखेने अधिक रॅडिकल निर्माण केले, काही नमुन्यांत तिपटीपर्यंत. त्यांचा उगम सिलिकात नव्हता; तो कणांच्या पृष्ठभागावरून सहज सुटणाऱ्या लोहात होता.

९/ यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, राखेचे वय महत्त्वाचे. दगड नुकताच फुटलेला असताना त्याचे पृष्ठ सर्वांत क्रियाशील असते. ऊन-पावसात लोह ऑक्सिडीकृत होते, धुपून जाते आणि ही क्रियाशीलता ओसरते. दुसरी, सिलिका कमी म्हणून राख निर्धोक ठरत नाही. बेसाल्टी राखेत स्फटिकी सिलिका नगण्य असते, लोह मात्र विपुल. २००७ च्या अभ्यासात तिने रॅडिकल निर्मितीत मोठी मजल मारली.

१०/ प्रयोगशाळेतील रॅडिकल म्हणजे प्रत्यक्ष आजार नव्हे. ज्वालामुखीच्या क्रिस्टोबलाइटमध्ये मिसळलेले ॲल्युमिनियम त्याची विषारी धार काहीशी बोथट करते, असेही पुढे दिसून आले. तरीही मॉन्टसेरातच्या शाळकरी मुलांच्या पाहणीत, राखेचा अधिक संपर्क असलेल्यांमध्ये छातीतील घरघर अधिक आढळली. मुलांची फुप्फुसे प्रयोगशाळेच्या निष्कर्षाची वाट पाहत थांबत नाहीत.

११/ हेच लोह समुद्रात मात्र अन्न ठरते. ऑगस्ट २००८ मध्ये अलास्कातील कासाटोची ज्वालामुखीची राख ईशान्य पॅसिफिकवर पडली आणि लोहाला भुकेलेल्या त्या पाण्यात वनस्पती-प्लवकांना अफाट बहर आला.

१२/ म्हणून आज उद्रेकानंतर राख गोळा करताना तिच्या कणांचा आकार आणि सिलिका यांबरोबर पृष्ठभागावरील लोहही तपासले जाते. सामान्य माणसासाठी मात्र निष्कर्ष साधा आहे : राख ताजी असतानाच नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क हवा, झाडण्याआधी राखेवर पाणी शिंपडायला हवे आणि लहान मुलांना त्या कामापासून दूर ठेवायला हवे. पर्वत शांत झाला तरी वाऱ्याने आणि वाहनांनी उडणारी राख पुढे कित्येक महिने हवेत राहते.