विटेल्सबाख राजघराणे आणि बव्हेरियाची प्रादेशिक अस्मिता : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
जर्मनीच्या इतिहासलेखनात प्रशियाच्या होहेनझोलर्न घराण्याला अग्रस्थान मिळते. तथापि एकाच प्रदेशाशी असलेल्या दीर्घ संबंधाच्या दृष्टीने बव्हेरियाचे विटेल्सबाख घराणे अधिक लक्षणीय ठरते. या घराण्याने इ.स. ११८० ते १९१८ अशी ७३८ वर्षे तेथे सत्ता उपभोगली. घराण्याने प्रदेशाला कोणते स्वरूप दिले आणि घराण्याची सत्ता गेल्यावरही प्रदेशाची अस्मिता का टिकली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सत्तेचा उदय आणि वाटण्या :
सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने ११८० मध्ये हेन्री द लायन याला पदच्युत करून बव्हेरियाचे ड्यूकपद विटेल्सबाखच्या ओटोला दिले. १२१४ मध्ये ऱ्हाईनकाठचे पॅलाटिनेटही घराण्याकडे आले. मात्र राज्य ही कुटुंबाची मालमत्ता मानली जात असल्याने १२५५ मध्ये भावाभावांत बव्हेरियाची वाटणी झाली. सम्राटपदी पोहोचलेल्या चौथ्या लुडविगनेही १३२९ च्या पाव्हिया कराराने पॅलाटिनेट थोरल्या भावाच्या वंशजांना दिले. लान्ड्सहूटच्या वारसायुद्धानंतर १५०६ मध्ये ज्येष्ठ पुत्राच्या वारसाहक्काचा नियम झाला व वाटण्या थांबल्या. १६२३ मध्ये पहिल्या मॅक्सिमिलियनला सम्राट निवडण्याचा अधिकार असलेले इलेक्टरपद मिळाले.

राज्यसंस्थेची उभारणी :
नेपोलियनशी केलेल्या मैत्रीमुळे १८०६ मध्ये बव्हेरिया राजपदाचे राज्य झाले. या काळात फ्रँकोनिया व स्वाबियातील नवे प्रदेश राज्यात आले. कॅथलिक राजाच्या प्रजेत आता मोठ्या संख्येने प्रोटेस्टंट होते. जुन्या घराणेनिष्ठेवर त्यांना बांधून ठेवणे शक्य नव्हते. म्हणून मंत्री मॉन्टगेलास याने समान कायदा व केंद्रीय प्रशासन यांवर भर दिला. १८०८ च्या संविधानाने भूदास्य नष्ट केले, तर १८१८ च्या संविधानाने द्विगृही विधिमंडळ दिले.

मॉन्टगेलासच्या काळात प्रशासकीय विभागांना फ्रेंच पद्धतीने नद्यांची नावे दिली होती. पहिल्या लुडविगने १८३७ मध्ये ती बदलून फ्रँकोनिया, स्वाबिया अशी जुनी ऐतिहासिक नावे पुन्हा प्रचारात आणली. स्थानिक स्मृती पुसण्याऐवजी तिलाच राज्यनिष्ठेचा आधार करण्याचे हे धोरण होते.

राजसत्तेचा अस्त :
१८७१ मध्ये जर्मन साम्राज्यात सामील होतानाही बव्हेरियाने टपाल, रेल्वे आणि शांतताकाळातील सैन्य यांबाबत विशेषाधिकार राखले. दुसऱ्या लुडविगच्या किल्लेवजा प्रासादांच्या खर्चाने तो कर्जबाजारी झाला. १८८६ मध्ये त्याला पदच्युत करण्यात आले, तरी शासनयंत्रणा चालूच राहिली. राजाच्या व्यक्तिमत्त्वावर राज्य अवलंबून राहिले नव्हते. नोव्हेंबर १९१८ मध्ये कुर्ट आइस्नर याने प्रजासत्ताक घोषित केले. तिसऱ्या लुडविगने आनिफ येथील निवेदनाद्वारे अधिकारी व सैनिकांना निष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. मात्र औपचारिक राजत्याग केला नाही.

निष्कर्ष :
मध्ययुगात घराण्याच्या वाटण्यांनी प्रदेश दुभंगला. एकोणिसाव्या शतकात संविधान, प्रशासन व स्थानिक परंपरा यांच्या मेळातून तो एकसंध होत गेला. त्यामुळे मुकुट गेला तरी राज्य उरले. १९४९ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळाने जर्मनीच्या मूलभूत कायद्यास संमती नाकारली, पण त्याची बंधनकारकता मान्य केली. संघराज्यात राहूनही स्वत्व जपण्याची ही वृत्ती राजघराण्याच्या काळात घडली. परंतु ती टिकली संस्थांमुळे, असे म्हणता येईल.