शाळा सोडण्याचे कारण

गेल्या उन्हाळ्यात सावद्याला गेलो होतो. बाजारात एक जुना वर्गमित्र भेटला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, नुसतं 'भाऊ' म्हणतो. धाकट्या मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी त्याला स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला लागत होता. मूळ दाखला घरात कुठं गहाळ झालेला. "तू शिकेल माणूस, चाल माझ्यासंगं," म्हणाला. गेलो.

क्लार्कने जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, पण अक्षर शाबूत. नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, इयत्ता नववी, आणि शेवटच्या रकान्यात 'शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर.'

भाऊ हसला. "गैरहजर कुठं होतो, भो? केळीत होतो."

मला हसू आलं नाही. कारण ती गैरहजेरी मीच लावली होती.

झालं होतं असं. १९८७ साल. आम्ही नववीत, मी वर्गाचा मॉनिटर. सहामाही झाल्यावर भाऊच्या वडिलांची कंबर धरली. ते दुसऱ्याच्या बागेत मजुरी करायचे. मग त्यांच्या जागी भाऊ जाऊ लागला. पिलं कापायची, खत द्यायचं, कापणी असली की घड खांद्यावरून बांधापर्यंत वाहायचे. एकदा सरांनी विचारलं, "हा कुठं असतो रे?" मी उभा राहून म्हणालो, "सर, तो केळी कापायला जातो." वर्ग हसला. सरांनी 'अ' मांडायला सांगितलं, मी मांडला. त्याचं घर माझ्या रोजच्या वाटेवर होतं. मी एकदाही आत डोकावलो नाही.

वार्षिक परीक्षेत तो इंग्रजी आणि गणितात गेला. दहावीच्या निकालाची टक्केवारी सांभाळायची म्हणून कच्ची मुलं नववीतच अडवायची, असा तेव्हा अनेक शाळांचा शिरस्ता होता. आमचीही त्याला अपवाद नव्हती. त्याच्या वडिलांना सांगितलं गेलं, नववीत पुन्हा बसवा, नाहीतर दाखला काढा आणि १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा. त्यांनी दाखला काढला. १७ नंबरचा फॉर्म काही भरला गेला नाही. कोण भरणार होतं?

घरी आल्यावर तो रकाना डोक्यातून जाईना. मग या विषयावरचं जुनं काय काय हाताशी होतं ते वाचत बसलो.

आपल्याकडे याला 'गळती' म्हणतात. शिक्षणखात्याचा जुना, रुळलेला शब्द. १९२९च्या हार्टोग समितीने या प्रकाराची सरकारी पातळीवर नीट मांडणी केली. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत जेमतेम १८ उरली होती. समितीने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, मूल मध्येच शाळा सोडतं ती गळती. दुसरी, मूल एकाच इयत्तेत वर्षानुवर्षं अडकतं ती स्थगिती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुन्हा याच दोन गोष्टींवर बोट ठेवलं. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. कागदावर गळती आणि स्थगिती वेगळ्या दिसतात. भाऊच्या बाबतीत मात्र पहिली दुसरीच्या पोटातून जन्मली.

आणि 'गळती' हा शब्दही मला खटकतो. पिकलं पान गळावं, तसं मूल आपोआप गळून पडलं असं वाटतं. आमच्या भागात कुणालाही विचारा, केळीचा घड आपोआप गळत नाही. कुणीतरी तो कापतो, तेव्हा तो खाली येतो.

मुलं शाळेत टिकावीत म्हणून महाराष्ट्रात झालेल्या प्रयत्नांचा इतिहास मोठा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि कमवून शिकायची वाट दाखवली. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने कमी उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ केली. 'ईबीसी'ची ही सवलत मिळाली म्हणून मॅट्रिक झालेले लोक आमच्या आधीच्या पिढीत गावोगाव सापडतील.

आमच्या भागालाही शिक्षणाचं वावडं नव्हतं. शेजारच्या फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. त्यासाठी झटणाऱ्या धनाजी नाना चौधरींच्या नावाने तिथं महाविद्यालय उभं राहिलं. त्यांचे चिरंजीव, खिरोद्याचे मधुकरराव चौधरी, राज्याचे शिक्षणमंत्री झाले. म्हणजे आमच्या पंचक्रोशीने राज्याला शिक्षणमंत्री दिला, आणि त्याच पंचक्रोशीत भाऊ नववीत अडला.

पण वाचताना मी सगळ्यात जास्त थांबलो ते अमळनेरपाशी. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडणं, कपडे धुणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, हे सगळं ते करत. आपण याकडे त्यांचा हळवेपणा म्हणून बघतो. मला आता तसं वाटत नाही. त्यांचं स्वतःचं शिक्षण गरिबीमुळे थांबायच्या बेताला आलं होतं. शिकण्यासाठी ते औंध संस्थानात गेले, प्लेगमुळे तिथूनही निघावं लागलं, आणि १९१८ साली पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून मॅट्रिक झाले. शाळा कुठल्या क्षणी सुटते, हे त्यांना आतून ठाऊक होतं. फी, पुस्तकं, परीक्षा हे सगळं नंतर येतं. 'तू का आला नाहीस?' असं विचारायला कुणी येतं का, हे आधी.

कायदे पुढे सरकले आहेत. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना हक्क दिला आणि सुरुवातीला आठवीपर्यंत नापास करणंही बंद केलं. पण हक्क चौदाव्या वर्षी संपतो, आणि नववीचं दार तिथंच आहे. आठवीपर्यंत झाकलेली कच्ची बाजू नववीत एकदम उघडी पडते. २०१५ पासून दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा ऑक्टोबरची वाट न बघता जुलैत होऊ लागली, वर्ष वाचू लागलं. चांगलंच झालं. पण ही सोय दहावीपर्यंत पोचलेल्यांसाठी. नववीत ज्याचं बोट सुटलं, त्याला जुलै काय आणि ऑक्टोबर काय?

गरिबी हे कारण खरं आहेच, मी ते नाकारत नाही. भाऊच्या वडिलांची कंबर मी बरी करू शकत नव्हतो. पण ती सहा आठवड्यांची अडचण होती. त्या सहा आठवड्यांत कुणी वही नेऊन दिली असती, सरांनी एक चक्कर मारली असती, तर काय झालं असतं? कदाचित तरीही तो नापास झाला असता. सांगता येत नाही. पण कुणी गेलं नाही, एवढं मात्र सांगता येतं.

असो. क्लार्क दुसरी प्रत लिहीत होता. मी उगाच विचारलं, "साहेब, ते कारण बदलता येईल का?"

"रजिस्टरात आहे तेच उतरवावं लागतं," तो म्हणाला. त्याचंही बरोबर.

बाहेर आल्यावर भाऊने दाखला घडी करून खिशात ठेवला. त्याची मुलगी यंदा नववीत आहे, आणि गणित तिलाही जड जातं. "माहं राहू दे," तो म्हणाला. "तू तिच्याशी बोलशील का? माझ्यानं ते गणित होत नाही."

आता दर रविवारी संध्याकाळी फोनवर आमचं बीजगणित चालतं. मधे दोन रविवार तिचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला.